पूच्ची सार

चेन्नईजवळच्या गुम्मिडिपूंडीच्या त्या कारखान्यात पहिल्याच दिवशी मी प्रयोगशाळेचा फ्रीज उघडला, तेव्हा खालच्या कप्प्यात जेवणाचा एक डबा होता. स्टीलचा, तीन पुडांचा, झाकणाला बारीक भोकं पाडलेली. मला मागच्या बाटल्या काढायच्या होत्या म्हणून मी तो उचलला आणि पाठीमागून कुणीतरी मराठीत म्हणालं, "अगे, हलवूं नको. जीव आहेत आंत."

सोलापूर सोडून मला अकरा दिवस झाले होते. अकरा दिवसांत माणसाच्या तोंडून समोरासमोर ऐकलेलं ते पहिलं मराठी वाक्य, आणि ते गांडुळांविषयी होतं.

ते आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख. त्यांच्या घराण्याला तंजावरला येऊन तीनशे वर्षं झाली होती, आणि येताना आणलेली भाषा त्यांनी तशीच वापरात ठेवली होती. 'मला'ऐवजी 'मज' म्हणत, 'बरं'च्या जागी तमिळ 'सरी', आणि वाक्याच्या शेवटी असा हेल काढत की प्रश्न आहे की उत्तर, हे पहिले काही दिवस मला कळत नसे. साठीला आलेले, उंच, किंचित वाकलेले. पांढरा शर्ट, कपाळावर गंधाची बारीक उभी रेघ, आणि उजव्या हाताची नखं कायम तळापर्यंत कापलेली. कारखान्यातले कामगार त्यांना तोंडावर 'राव सार' म्हणत आणि पाठीमागे 'पूच्ची सार'. पूच्ची म्हणजे किडा. दोन्ही नावं त्यांना ठाऊक होती.

"तिसरा दिवस आहे," डबा माझ्या हातातून घेत ते म्हणाले. "आज उपास सुटणार."

"कुणाचा?"

"ह्यांचा."

गळाला लावायचं गांडूळ जमिनीतून काढलं की लगेच लावायचं नसतं, हे मला त्या दिवशी कळलं. त्याच्या पोटात माती असते. ते मऊ पडतं, गळावर टिकत नाही. ओल्या काथ्याच्या भुशात तीन दिवस बिनखाण्याचं ठेवलं की माती निघून जाते, कातडी चिवट होते, रंग उजळतो. मग नारळाच्या करवंटीत थोडा भिजवलेला कागद आणि फिल्टर कॉफीचा चोथा, चिमूटभर. जास्त दिला तर तापतात, असं ते म्हणत. कागद तमिळ वर्तमानपत्राचाच. इंग्रजी वर्तमानपत्राचा गुळगुळीत कागद त्यांना सोसत नाही, हे त्यांनी स्वतः पडताळून पाहिलं होतं.

रावसर पक्के शाकाहारी होते. मासा त्यांनी जन्मात तोंडात घातला नव्हता. तरी दर रविवारी ते गळ घेऊन खाडीवर जात. मासे कमीच मिळत, आणि मला वाटतं मासे मिळावेत असं त्यांना फारसं वाटतही नसावं. पुष्कळदा डबा न उघडताच परत येत. मी एकदा विचारलं, मग जाता कशाला? ते गोंधळले. मग म्हणाले, "एवढे जमवलेले असतात ना. त्यांस कोठें तरी न्यायला हवें."

कारखान्याच्या मागच्या भिंतीला लागून त्यांनी एरंड लावले होते. माळी ते उपटायला आला की हे भिंतीशी जाऊन उभे राहत. सकाळी पहिल्या पाळीची शिट्टी व्हायच्या आत ते गळासाठी पानांखालच्या अळ्याही गोळा करत. चिमट्याने कधीच नाही. अळी ज्या पानावर असेल ते पान देठासकट तोडून कागदी पिशवीत ठेवायचं. हाताने ओढली की तिचे मागचे पाय तुटतात. प्रयोगशाळेत पाणी उकळलं की पातेलं खाली उतरवून, वाफ जरा मोडली की एकेक अळी क्षणभर त्यात सोडायची, म्हणजे हिरवा रंग जात नाही. मग मिठाच्या पाण्यात एक दिवस, मग ग्लिसरीनमध्ये. हे काम करताना ते चपला काढून ठेवत. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा काहीतरी पूजा चालली आहे असं वाटून मीही चपला काढल्या, आणि ते म्हणाले, "तुज नको. तूं काय केलेंस?"

त्यांची बायको चेन्नईतल्या वेस्ट मांबलमच्या घरात ह्यातलं काही स्वयंपाकघराजवळ येऊ देत नसे. मागच्या बाल्कनीत एक वेगळा छोटा फ्रीज होता. मी एका रविवारी जेवायला गेले तेव्हा काकूंनी मला तो दाखवला, हात लांब ठेवून. "लग्न ठरतांना मज सांगितलें, मुलगा रसायनशास्त्र शिकलेला आहे," त्या म्हणाल्या. "किड्यांचें कोणी बोललेंच नाहीं." रावसर ताटावर बसून ऐकत होते. खाली मान घालून हसले. मूलबाळ नव्हतं. घरात दोन माणसं आणि काचेच्या शंभरेक बरण्या.

सगळ्यात जपलेल्या बरण्या खाडीतल्या किड्यांच्या होत्या. तो किडा गांडुळासारखा नसतो. लालसर, चपटा, दोन्ही बाजूंना केसासारखे पाय, बोटभर लांब. ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलात हाताने खणून काढायचा. नळाच्या पाण्यात धुतला की मरतो. खाडीच्याच पाण्यात विसळायचा. मग वर्तमानपत्रावर जाडं मीठ, त्यावर किडे, वर पुन्हा मीठ. अर्धा दिवस सावलीत. पाणी सुटून कागद ओला झाला की दुसरा कागद. शेवटी ते चामड्याच्या वादीसारखे होतात आणि बरणीत वर्षभर टिकतात. प्रत्येक बरणीवर चिठ्ठी, आणि चिठ्ठीवरचं अक्षर मोडी. आजोबांनी त्यांना मोडी शिकवली होती. चेन्नईत ती वाचणारं त्यांच्या ओळखीचं कुणी उरलं नव्हतं, म्हणून तर ते तीत लिहीत असावेत.

हा किडा काढायला त्यांना सेल्वीने शिकवलं होतं. सेल्वी खाडीत कमरेएवढ्या पाण्यात बसून हातांनी कोळंबी धरायची. ताडाच्या पानाची टोपली दातांत दोरीने धरलेली, दोन्ही हात पाण्याखाली चिखलात. रावसरांना मिळालेला मासा तिच्याकडे जाई. ती त्यांना किड्यांची जागा दाखवी. मी त्यांच्याबरोबर पहिल्यांदा गेले तेव्हा ती बांधावर पाय पसरून बसली होती आणि गुडघ्यापासून खाली तिचे पाय लाल चट्ट्यांनी भरलेले होते. ती तमिळमध्ये काहीतरी म्हणाली. रावसरांनी मला मराठीत सांगितलं, "म्हणते, पूर्वीं पाणी चावत नव्हतें."

त्या दिवशी त्यांनी तीन ठिकाणी खणलं. तीन पाट्या चिखल उपसून चार किडे मिळाले. "मी आलों त्या वर्षीं एका मुठींत इतके येत," ते म्हणाले. बांधावरून आमच्या कारखान्याचा नाला खाडीला मिळतो ती जागा दिसत होती. आम्ही दोघांनीही तिकडे पाहिलं.

आता जे सांगायचं आहे ते सांगायला मला जड जातं.

आमच्या प्रयोगशाळेत रोज सकाळी एक बाटली यायची. कारखान्यातून बाहेर जाणाऱ्या पाण्याचा नमुना. आम्ही तो तपासायचा, आकडे भरायचे, आणि 'मर्यादेत' असा अहवाल रावसरांच्या सहीने पुढे जायचा. बाटलीतलं पाणी खरोखरच मर्यादेत असे. पण ती बाटली शुद्ध करण्याच्या टाकीतून भरलेली असे. टाकीतून न जाता सरळ नाल्यात सुटणारं पाणी वेगळं होतं. हे पहारेकऱ्यालासुद्धा ठाऊक होतं, कारण नाल्याजवळची त्याची चौकी वासामुळे दोनदा हलवावी लागली होती. कागदावर मात्र बाटली कुठली, असा रकानाच नव्हता. रावसर एकवीस वर्षं ती बाटली तपासत होते. एक आकडासुद्धा त्यांनी कधी खोटा लिहिला नव्हता. ह्याचा त्यांना अभिमान होता.

पावसाळा संपल्यानंतरच्या एका सोमवारी ते दोन काचपात्रं घेऊन आले. एकात सकाळची बाटली ओतली. दुसऱ्यात त्यांनी स्वतः नाल्याच्या तोंडाशी भरून आणलेलं पाणी. दोन्हींत मापून खाडीचं मीठ घातलं आणि प्रत्येकात सहा जिवंत किडे सोडले. सहा आणि सहा बारा. ते बारा मिळवायला त्यांना आदल्या दिवशी अख्खी ओहोटी लागली होती. मग ते स्टुलावर बसले. मी माझं काम करत होते, पण लक्ष तिकडेच होतं. पहिल्या पात्रातले किडे तळाशी वळवळत होते. दुसऱ्यातले आधी वर आले, काचेला चिकटले, मग एकेक करून सुटे होत खाली गेले. चहावाला आला तेव्हा तिथे काहीच हलत नव्हतं.

रावसरांनी चहा घेतला नाही. त्या दिवशीच्या अहवालावर सही केली नाही. मॅनेजरच्या खोलीत जाऊन ते काय बोलले मला माहीत नाही. परत आले तेव्हा त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरने मला बोलावलं. अतिशय मृदू बोलणारा माणूस. त्याने मला बसायला सांगितलं, घरची चौकशी केली. मग लेकीशी बोलावं तसं 'मा' लावून म्हणाला, "तुझं कन्फर्मेशन पुढच्या महिन्यात आहे, नाही का मा?" मी हो म्हटलं. "रावांना आता विश्रांतीची गरज आहे. आजपासून अहवालावर तू सही कर. बाटलीत जे आहे तेच लिहायचं. खोटं काही लिहायला मी तुला सांगणार नाही."

सोलापूरला परत जायचं नाही, एवढंच तेव्हा माझ्या डोक्यात होतं. तिथे माझं एक लग्न मोडलेलं होतं आणि ते पुन्हा जोडायला घरचे टपलेले होते. ही नोकरी हेच माझं घर होतं. ही कारणं आज मी सांगते आहे. तेव्हा मी कसलाच विचार केला नाही. कागद समोर आला, मी सही केली.

प्रयोगशाळेत परतले तर रावसर मृत किडे टिपकागदावर काढून ठेवत होते, एकेक, सरळ करून.

"केलीस?" त्यांनी विचारलं.

"हो."

"सरी," ते म्हणाले. त्यानंतर ते माझ्याशी मराठीत बोलले नाहीत. रागावले नाहीत, टाळलं नाही. काम असलं की इंग्रजीत बोलत, नीट, सभ्यपणे, इतर कुणाशीही बोलावं तसं. महिनाभरात त्यांची बदली भांडारात झाली. तिथे ते हातमोज्यांचे गठ्ठे मोजत. माळ्याने एरंड तोडून टाकले. प्रयोगशाळेतल्या फ्रीजचा खालचा कप्पा सफाईवाल्याने एका सकाळी रिकामा केला. मी तिथेच उभी होते.

त्यांनी स्वतःच कुठेकुठे अर्ज केले असावेत, कारण त्यानंतर वर्ष व्हायच्या आत दोन अधिकारी तपासणीला आले. माणसं चांगली होती. त्यांनी रावसरांना भांडारातून बोलावून घेतलं, खुर्ची दिली. रावसर दोन कापडी पिशव्या घेऊन आले आणि टेबलावर बरण्या मांडायला लागले. त्यांनी वर्षावर्षाच्या ओळी लावल्या. डावीकडच्या बरण्या गच्च भरलेल्या, मग अर्ध्या, मग तळाशी थोडे. शेवटच्या बरणीत नुसतं मीठ होतं. तिलाही चिठ्ठी होती.

थोरला अधिकारी वाकून पाहू लागला. "ही लिपी कुठली?"

"मोडी. मराठी आहे."

अधिकाऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी अहवालांची फाईल धरून मॅनेजरच्या बाजूला उभी होते. "तुम्ही महाराष्ट्रातल्या ना? काय लिहिलंय?"

मला मोडी येत नाही. मी तसं सांगितलं. मॅनेजर हळूच हसला. रावसर मग स्वतः वाचू लागले, इंग्रजीत: ओहोटीची वेळ, जागा, किती पाट्या चिखल, किती किडे. एकेक बरणी हातात घेऊन. पाच-सहा बरण्या होईपर्यंत दोघांनी ऐकलं. मग धाकटा म्हणाला, "सर, हे तुम्ही मासे पकडायला जमवलंय ना?"

"होय."

"म्हणजे पुढच्या वर्षी तुम्ही कमी खणलं असेल, असंही होऊ शकतं."

रावसर थांबले. हातात बरणी तशीच. ते खोटं बोलू शकत नव्हते, हीच तर अडचण होती. "होऊं शकतें," असं ते मराठीत म्हणाले, कुणालाच न उद्देशून. मग इंग्रजीत सांगितलं की गेल्या वर्षी त्यांचे गुडघे दुखत होते, पण त्यांनी जास्तच खणलं होतं, आणि ह्याला साक्षीदार एक बाई आहे, कोळंबी धरणारी. पत्ता? पत्ता नाही. बाटली टाकीतून भरतात, हेही ते म्हणाले, तेव्हा थोरल्याने माझ्या हातातली फाईल मागून घेतली. पानं उलटली. नऊ महिने, रोजचा आकडा, रोजची सही. "रेकॉर्ड तर व्यवस्थित आहे," तो म्हणाला, जरा खंतावल्यासारखा. त्याच्या फॉर्ममध्ये किड्यांसाठी रकाना नव्हता.

मी तेव्हा बोलू शकले असते. त्या खोलीत बाटली कुठून येते हे ठाऊक असलेली आणि त्या फाईलमध्ये सही असलेली मी एकटी होते. रावसर बरण्या परत पिशवीत भरत होते. एक हातातून निसटली, फुटली नाही, टेबलाखाली गडगडत माझ्या पायाशी आली. मी ती उचलून त्यांना दिली. "थँक यू," ते म्हणाले.

निवृत्तीच्या दिवशी त्यांना हार, शाल आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. त्यानंतर वर्षभरात मीही ती नोकरी सोडली. आता चेन्नईतच शोळिंगनल्लूरला काचेच्या इमारतीत बसते. दुसऱ्यांच्या प्रयोगशाळांचे आकडे आपोआप भरले जावेत म्हणून जे सॉफ्टवेअर असतं, ते तपासते. पगार बरा आहे. सेल्वीने खाडी सोडली. कुठल्याशा मंगल कार्यालयात भांडी घासते, असं नंतर कळलं.

गेल्या मार्गशीर्षात रावसरांचा फोन आला. मी त्यांचा आवाज ओळखला, पण क्षणभर भाषा ओळखली नाही, कारण ते मराठीत बोलत होते. "तुजकडे गाडी आहे म्हणतात. मज एकदां खाडीवर नेशील काय? बसची पायरी आतां चढवत नाहीं."

ते फार खंगले होते. काकू दारापर्यंत आल्या. डोळ्यांनी मला काहीतरी सांगत होत्या, ते मला कळलं नाही. बांधावर मी त्यांना धरून उतरवलं. ओहोटी होती. चिखल पूर्वीसारखा तपकिरी नव्हता. राखाडी, वर तेलकट साय. कावळासुद्धा नव्हता. त्यांनी बाही वर केली, माझा हात बाजूला केला, आणि गुडघ्यांवर बसून कोपरापर्यंत हात चिखलात घातला. आत बोटं फिरवत राहिले. खिशात हरवलेली वस्तू शोधावी तसे. मी उभी होते. किती वेळ गेला सांगता येणार नाही.

हात बाहेर काढला तो कोपरापर्यंत काळा होता. गाडीत पिण्याच्या पाण्याच्या दोन बाटल्या होत्या, दोन्ही मी त्या हातावर ओतल्या. रंग गेला, वास गेला नाही. साबण नव्हता. त्यांनी हाताला बांधावरची कोरडी माती चोळली, पुसली, नाकाशी नेला, आणि माझ्याकडे न पाहता गाडीत माझ्या मागच्या सीटवर जाऊन बसले.

मिंजूरच्या पुढे आल्यावर मी म्हटलं, "सर, त्या दिवशी ते अधिकारी आले होते तेव्हा मी—"

"मी एकवीस वर्षें सही केली," ते म्हणाले. "तूं किती केलीस?"

"त्या दिवसापर्यंत नऊ महिने. नंतर आणखी वर्षभर."

त्यांनी मान हलवली, हिशेब पटल्यासारखी. दोष दिला नाही, धीरही दिला नाही. त्यांच्याकडे मला द्यायला काही शिल्लक नव्हतं. ऊन चढलं होतं; मी त्यांच्या बाजूची काच वर घ्यायला लागले.

"बंद करूं नकोस," ते म्हणाले, आणि तो हात त्यांनी खिडकीबाहेर काढून धरला.

अख्खं शहर ओलांडेपर्यंत तो तसाच बाहेर होता. सिग्नलला गाडी थांबली की शेजारचे स्कूटरवाले त्या हाताकडे पाहत. त्यांना वाटे, म्हातारा काहीतरी विचारतो आहे. वेस्ट मांबलमला उतरल्यावर त्यांनी डाव्या हाताने फाटक उघडलं. काकू दारात होत्या, पण ते आत गेले नाहीत. घराच्या कडेने मागच्या नळाकडे गेले. मी गाडी सुरू केली नाही. नळ सुटल्याचा आवाज आला. मी तो बंद व्हायची वाट पाहत बसले. काकू एकदा मागे जाऊन आल्या, दारातल्या पायरीवर बसल्या आणि त्याही वाट पाहू लागल्या.